ओढा म्हणावं की नाला

विद्यापीठात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळली की. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत पाण्याचे नमुने घ्यायच्या काचेच्या बाटल्या असत. ती जिना उतरायला लागली की खालच्या मजल्यावर आधी किणकिण पोचायची आणि मग बाई. नोकरीच्या पहिल्याच दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने तिला अडवलं होतं. "बाटल्या घेऊन आत जाता येत नाही, बाई." तिने शांतपणे एका बाटलीचं बूच काढून ती त्याच्या नाकाजवळ नेली. रखवालदार दोन पावलं मागे सरला तो सरलाच. त्यानंतर तो तिला लांबूनच हात करायचा.

नोकरी म्हणायची ती आपली म्हणायची पद्धत. ती तासांवर होती. विद्यापीठात शिकवणारे दोन प्रकारचे, कायमचे आणि तासांचे. कायमच्यांना खोली, खुर्ची आणि दारावर पाटी. तासांच्यांना नुसते तास. तिची नेमणूक दर सत्राच्या शेवटी संपायची आणि पुढच्या सत्राला, वरच्यांच्या मनात आलं तर, पुन्हा व्हायची. मधल्या सुट्टीत ती कोणीच नसायची. बसायची जागा म्हणजे प्रयोगशाळेतलं फ्रिज आणि मोरीच्या मधलं स्टूल. फ्रिज सुरू झाला की तिची पाठ थरथरायची. विषयही तसाच, पर्यावरणशास्त्र आणि धोरण. विज्ञानवाले म्हणायचे हे कायद्याचं, कायदेवाले म्हणायचे हे विज्ञानाचं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. बाकीचे दिवस ती आणखी दोन कॉलेजांत तास घ्यायची आणि डबा बसमध्ये खायची.

असं व्हायचं नव्हतं खरं. शहरातून वाहणाऱ्या लहान ओढ्यांवर तिने प्रबंध लिहिला, तेव्हा परीक्षक उठून तिच्याशी हात मिळवायला आले होते. "जागा निघू दे, ती तुमचीच," असं त्या वेळच्या प्रमुखांनी चारचौघांत सांगितलं होतं. जागा निघायला फार वर्षं लागली, आणि निघाली ती नेमकी तिचा मुलगा जन्मला त्या आठवड्यात. ती दवाखान्यात होती, मुलाखत इकडे झाली. जागा तिच्याच बाकावरच्या वर्गमित्राला मिळाली. त्याने पेढे नाहीत, पण मोठा पुष्पगुच्छ घेऊन दवाखान्यात येऊन सांगितलं आणि सांगताना त्याचाच आवाज कापला, म्हणून तिनेच त्याची समजूत काढली. पुढे तो विभागप्रमुख झाला. चारचौघांत ती त्याला सर म्हणायची, एकट्याला तू.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. कमी बोलणारा, पण बोलला की नेमकं. "आपण दोघंही लोकांना नीट दिसावं म्हणूनच राबतो," तो म्हणायचा. "फरक एवढाच, की माझं गिऱ्हाईक जाताना खूश असतं."

तिचा जीव होता तो ग्रंथालयाच्या मागच्या ओढ्यात. कुंपणाची जाळी जिथे फाटली होती तिथून वाकून गेलं की तो दिसायचा. दिसायला काही नव्हतं त्याचं. राखाडी पाणी, काठाला अडकलेल्या पिशव्या, उन्हाळ्यात डोकं उठवणारा वास. पण वरच्या वळणावर लव्हाळ्याचा एक पट्टा टिकून होता, आणि तिथे बसलं की पाण्याचा आवाज यायचा. ती दर वर्षी नव्या मुलांना आधी तिथे न्यायची. म्हणायची, फळ्यावरची नदी सगळ्यांनाच आवडते, आधी हिच्याशी ओळख करून घ्या.

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिने पहिल्याच तासाला इतके प्रश्न विचारले, की मुलांनी तिचं नावच प्रश्नपत्रिका ठेवलं. काठावर उभी राहून तिने विचारलं, "मॅडम, याला ओढा म्हणायचं की नाला?"

बाईंना असा प्रश्न म्हणजे पर्वणी. बाई तिथेच दगडावर बसल्या. "छान विचारलंस. आमच्या लेखी हे पाणी आहे. कायद्याला पाणी दिसत नाही, त्याला शब्द दिसतो. नैसर्गिक प्रवाह म्हटलंस तर काठापासून अमुक अंतरात कोणाला वीट ठेवता येत नाही. सांडपाण्याचा नाला म्हटलंस, तर झाकण घाला, नळात कोंबा, वर रस्ता करा, कोणी विचारणार नाही. पाणी तेच असतं, नावावरून त्याचं नशीब ठरतं. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की आधी बघा, त्याने बारसं काय केलंय."

मुलं हसली. प्रश्नपत्रिका हसली नाही, ती विचार करत होती. पुढची सगळी वर्षं ती बाईंच्या स्टुलाशेजारी उभी राहून डोकं खायची, आणि बाई आनंदाने खाऊ द्यायच्या. शिकून गेली, तेव्हा बाईंना घरातली लेक सासरी गेल्यासारखं वाटलं.

त्याच ओढ्याच्या काठाने खाली गेलं की बैठ्या घरांची एक रांग होती. त्यातल्या एका घरात तिचा थोरला भाऊ राहायचा. भाऊ छापखान्यात होता आणि वहिनी घरीच शिवणकाम करायची. जोराचा पाऊस झाला की ओढा त्यांच्या घरात शिरायचा. वहिनीने शिलाई मशीन कायमचं दोन ओळी विटांवर चढवून ठेवलं होतं.

"तुझा तो लाडका आला होता काल," वहिनी सांगायची. "पिठाच्या डब्यापर्यंत. त्याला सांग, येताना निदान पाय पुसून येत जा."

ती हसायची आणि फरशी पुसू लागायची. वरची मोकळी जमीन सगळी बांधून काढली, पाणी मुरायला जागा उरली नाही, म्हणून ते घरात येतं, हे ती वहिनीला अनेकदा समजावून चुकली होती. वहिनी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरोबर असेल तुझं. पण ते वरचे लोक येतात का फरशी पुसायला?"

मग एका दुपारी विभागप्रमुखाने तिला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि चहा मागवला. दार लोटून चहा मागवला की काहीतरी बिनसलंय, हे ती ओळखून होती.

"नवी इमारत येतेय," तो म्हणाला. "आपल्या विभागाची. प्रयोगशाळा, सभागृह, सगळं."

"चांगलंच की. कुठे?"

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "ग्रंथालयाच्या मागे."

"मागे ओढा आहे."

"तो नळात घालणार आहेत, खालच्या बैठ्या घरांच्याही पुढेपर्यंत. वरून रस्ता आणि पलीकडे इमारत. अगं, मी सांगून बघितलं. खरंच. मला म्हणाले, तुमच्याच विभागाला इमारत मिळतेय आणि तुम्हीच आडवे येता?"

मग त्याने आवाज खाली केला. "जनसुनावणी होईल. तू काही बोलायला जाऊ नकोस. तुझं पुढच्या सत्राचं अजून वर अडकलंय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"त्या पाण्यात मासे नाहीत रे," ती म्हणाली. "तेच तर रडगाणं आहे."

तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो का, हा प्रश्न घेऊन ती जिना उतरली. तिला त्याचं उत्तर नको होतं.

काही दिवसांनी ती मुलांना घेऊन ओढ्यावर गेली, तर काठावर पिवळी जाकिटं घातलेली माणसं मोजमाप करत होती. त्यातली एक वळली. ती प्रश्नपत्रिका होती. अंगावर सल्लागार कंपनीचं जाकीट, हातात कागद लावलेली फळी, पायात गमबूट. बाईंना बघून तिचा चेहरा उतरला आणि लगेच सावरला.

"मॅडम, मी तुमच्याकडे येणारच होते."

"अहवाल तुम्ही लिहिताय?"

"मी लिहितेय. कंपनीने मला दिलाय." ती मुलांपासून बाजूला झाली. बाई तिच्यामागे गेल्या. "मॅडम, सरळच सांगते. मी त्याला नाला लिहिणार आहे."

बाईंनी लव्हाळ्याच्या पट्ट्याकडे बघितलं. "का?"

"कारण नियमात बसतं. वरून तीन गटारं सोडलीयत. उन्हाळ्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. पाण्यात प्राणवायू किती ते तुम्हीच आम्हाला मोजायला लावलं होतंत. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"पावसाळ्यात वरच्या टेकडीवरून पाणी येतं ते?"

"तेही लिहिलंय. आत, तळटिपेत."

"बारशाला तळटीप," बाई म्हणाल्या. त्यांना ते उपरोधाने म्हणायचं होतं, पण शब्द नुसतेच बाहेर पडले.

मुलीचे डोळे भरून आले. "मी नाही लिहिलं तर दुसरा कोणीतरी लिहील, आणि तो टेकडीचं पाणी तळटिपेतही ठेवणार नाही. तुम्ही सांगा, मी काय करू? तुम्ही म्हणाल ते करते. सोडू का काम?"

तिच्या घरी आई आजारी होती, धाकटी भावंडं होती, हे बाईंना ठाऊक होतं. सोड म्हणायला जीभ रेटली नाही, आणि लिही म्हणायलाही नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी त्यांनी मुलीच्या जाकिटाच्या कॉलरवर चिकटलेलं गवताचं पातं काढून टाकलं आणि म्हणाल्या, "बूट फाटलाय तुझा. पाणी आत जाईल. चांगलं नसतं हे पाणी."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू तिला उत्तम शिकवलंस, एवढंच झालं."

"टोमणा मारतोस?"

"नाही गं," तो म्हणाला. आणि तो टोमणा नव्हताच. म्हणूनच ते जास्त लागलं.

सुनावणीच्या आदल्या रविवारी ती भावाकडे गेली. मनात होतं, वहिनीला सांगावं, निदान विरोध तरी करू नका माझा. तिने विषय काढायच्या आधीच वहिनीने मशीनवरून मान वर केली.

"आम्ही सगळे जाणार आहोत. रांगेतली झाडून सगळी. मी बोलणार आहे."

"काय बोलणार?"

"झाका म्हणून." वहिनीने दोरा तोडला. "रागावशील. रागाव. पण तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले होते, तेव्हा तू बाटलीत पाणी भरून न्यायला आली होतीस. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. तुझं कामच ते. पण मला सांग, त्या बाटल्यांचं पुढे काय झालं?"

भाऊ वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. तो पान उलटायलाही विसरला. तिने सांगायला तोंड उघडलं, की त्या पाण्याचे आकडे तिने महापालिकेला पाठवले होते, पुन्हा पाठवले होते, वरची गटारं बंद करा म्हणून खेटे घातले होते आणि तिथल्या माणसाने विचारलं होतं, हे पत्र विद्यापीठातर्फे आहे की तुमचं खासगी? पण ते सगळं सांगून उत्तर एकच निघत होतं. काही झालं नाही.

"काही झालं नाही," ती म्हणाली.

"मग," वहिनी म्हणाली, आणि उठून तिने तिच्यापुढे ताट वाढलं.

सुनावणी विद्यापीठाच्याच सभागृहात झाली, भर दुपारी. पंखे घरघरत होते. व्यासपीठावर मधोमध एक वयस्कर अधिकारी बसले होते, शांत, सगळ्यांचं नीट ऐकून घेणारे. प्रश्नपत्रिकेने अहवालाचा सारांश वाचला. "नाला" हा शब्द आला तेव्हा तिचा आवाज किंचित खाली गेला, पण ती थांबली नाही. मग ओढ्याकाठच्या घरांच्या रांगेतले लोक बोलले. वहिनी बोलली, आणि फार चांगलं बोलली. न रडता, न ओरडता, पाणी घरात कसं येतं ते तिने एखादी पाककृती सांगावी तसं क्रमवार सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाटलीबाईच्याही हातांनी टाळी वाजवली, मग तिच्या लक्षात आलं.

विभागप्रमुख पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. "आणखी कोणाला बोलायचंय?" विचारल्यावर ती उभी राहिली. तिचं तिलाच कळलं नाही कशी ते.

"आपण कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी इथे शिकवते. पर्यावरण धोरण."

"विभागाच्या वतीने बोलताय?"

पहिल्या रांगेतली मान वर झाली नाही. "नाही. मी तासांवर आहे."

"मग रहिवासी म्हणून? ओढ्या... नाल्यालगत राहता?"

"नाही. पलीकडे राहते."

त्यांनी टेकून बसत चष्मा सारखा केला. "हरकत नाही, बोला."

ती बोलली. टेकडीचं पाणी नळात मावणार नाही, म्हणाली. आज ते पसरून वाहतं, उद्या एका तोंडातून सुटेल आणि खाली जिथे नळ संपेल तिथल्या लोकांवर जाऊन पडेल. वरची गटारं वळवली, काठ मोकळे केले, तर याच रांगेतल्या घरांत पाणी येणार नाही आणि ओढाही राहील. जे शिकवायची तेच बोलली.

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "ही गटारं वळवायला किती काळ लागेल?"

"वर्षं लागतील. आजपर्यंत कोणी वळवली नाहीत."

"तुम्ही इतकी वर्षं हे पाणी तपासताय. स्वच्छ आहे का?"

"नाही."

"त्यात काही जिवंत आहे?"

खोटं बोलायचं असतं तर तेवढीच वेळ होती. "तांबड्या अळ्या आहेत," ती म्हणाली. "आणि वरच्या वळणावर थोड्या गोगलगायी."

मागून कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. अधिकारी हसले नाहीत. "आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. ती खाली बसली. शेजारी बसलेल्या वहिनीने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. ती गटागटा पाणी प्यायली.

काम लवकरच सुरू झालं. ती ते बघायला एकदाच गेली. यंत्राने लव्हाळ्याचा पट्टा एका घासात उचलला आणि ट्रकमध्ये टाकला. बघण्यासारखं एवढंच होतं. पाणी नळात शिरलं आणि आवाज बंद झाला.

पुढच्या सत्राचं तिचं काही अडलं नाही. उलट नव्या इमारतीत तिला पूर्वीपेक्षा जास्त तास मिळाले. खोली नाही, पण खिडकीशेजारी टेबल मिळालं. विभागप्रमुखाने स्वतः उभं राहून ते लावून घेतलं. "इथे उजेड चांगला आहे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. खिडकीतून रस्ता दिसायचा. प्रश्नपत्रिकेने ती कंपनी सोडली आणि दूरच्या शहरात दुसरी धरली. जाताना भेटायला आली नाही. फोन केला, दोघी हवापाण्याचं बोलल्या.

आणि पाऊस आला, जोराचा आला, पण वहिनीच्या घरात पाण्याचा थेंब शिरला नाही. वहिनीने मशीन विटांवरून खाली घेतलं. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात इतकं सुख होतं, की बाटलीबाईला ऐकून खरंच बरं वाटलं. "बघ हं," वहिनी म्हणाली. "तुझं बोलणं मी विसरले नाही. पण बघ."

फोन ठेवून ती छत्री घेऊन निघाली, आणि नळ संपत होता तिथवर चालत गेली. विद्यापीठाच्या मुख्य रस्त्यापासून बरंच खाली, वीटभट्टीमागे, पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती. तिथलं कोणी सुनावणीला आलं नव्हतं. त्यांना ती आपली गोष्ट वाटलीच नव्हती, आणि कोणी कळवलंही नव्हतं. नळाच्या तोंडातून तपकिरी पाणी धबाबा सुटत होतं आणि सरळ पहिल्या घरांवर येत होतं. एक बाई दारात उभी राहून बादलीने पाणी बाहेर फेकत होती. फेकलेलं पाणी पुन्हा आत जात होतं, तरी ती फेकत होती.

"तुम्ही महापालिकेच्या का?" तिने न थांबता विचारलं.

"नाही."

"मग?"

हे होणार हे मला माहीत होतं, असं सांगावं? मी तसं बोलले होते, असं सांगावं? तिने छत्री मिटून भिंतीला टेकवली आणि आत जाऊन भिजलेल्या गादीचं एक टोक धरलं. दुसरं टोक त्या बाईने धरलं. दोघींनी मिळून ती गादी बाकावर चढवली, मग डबे, मग पोराची पुस्तकं. निघताना त्या बाईने फोन नंबर मागितला. कशासाठी, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. तिने दिला.

त्यानंतर तिने पुन्हा अर्ज लिहिले. सहीखाली हुद्दा लिहायच्या जागी ती दर वेळी थबकायची. एकदा उत्तर आलं, की त्या भागात कोणताही नैसर्गिक प्रवाह अस्तित्वात नाही, तरी तक्रारीचं स्वरूप स्पष्ट करावं. ते तिने नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने तिच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाला, "चल, जेवून घे."

आता पाऊस लागला की, शिकवताना असो, बसमध्ये असो, तिचा फोन वाजतो. वर्गात असली तर ती मुलांना हाताने थांबवते आणि व्हरांड्यात जाते.

"बाई, पाणी आलं," पलीकडून आवाज येतो.

"किती आलंय?"

"उंबऱ्यापर्यंत."

"आधी गाद्या वर घ्या," ती म्हणते. "मग पीठ. मूल कुठे आहे?"

"शेजारी दिलंय."

"बरं केलंत."

मग दोघीही बोलत नाहीत, पण फोनही ठेवत नाहीत. तिकडे बादली पाण्यात बुडाल्याचा आवाज येतो. काचेपलीकडे वर्गात मुलं ताटकळलेली असतात, आणि ती फोन कानाशी धरून उभी असते.